मैत्रीवरचा माझ्या बुटाचा ठसा, आणि नागपुरात बसून ध्रुवांसाठी काय करता येईल

वाळ्याची_ताटी

नमस्कार मंडळी,

काल कूलरला नव्या ताट्या बसवल्या. पंप सुरू केला, वाळा भिजला, पहिला गार झोत तोंडावर आला आणि दरवर्षीसारखा मी दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो. घरच्यांना आता सवय झाली आहे. "बाबा तिकडे गेले," एवढंच पोरं म्हणतात.

तिकडे म्हणजे अंटार्क्टिकाला. मी जनरेटर मेकॅनिक. पंधरा वर्षांपूर्वी आपल्या मैत्री केंद्रावर एक पूर्ण वर्ष राहिलो. आधी दिल्लीत तपासण्या, मग औलीला आयटीबीपीच्या जवानांबरोबर बर्फावरचं प्रशिक्षण, मग केपटाऊन आणि तिथून जहाज. उन्हाळा संपला की जहाज परत जातं आणि मागे साधारण २५ माणसं उरतात. त्याला विंटरिंग म्हणतात. बाहेर उणे ३०, वारा असा की दोर धरल्याशिवाय एका इमारतीतून दुसरीत जाता येत नाही, आणि आत सगळ्यांचा जीव जनरेटरच्या आवाजावर. झोपेतसुद्धा माझा एक कान तिकडेच असायचा. आवाज जरा बदलला की मी बूट घालून उभा.

मेच्या शेवटी सूर्य गेला तो जुलै सरता सरता दिसला. त्याच दिवसांत आईचा फोन. इथं नागपुरात पारा ४६ वर. म्हणाली, "इथं आग पाखडून राहिला रे तो. घेऊन जा न बाप्पा थोडा तिकडे." फोन ठेवला आणि मी अंधारात कितीतरी वेळ हसत होतो, मग रडलो.

पण मला सांगायचं आहे ते दुसरंच. तिथं पोचल्यावर तिसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून, खरं तर पायातून, एक चूक झाली. मैत्री उभं आहे ते शिर्माकर ओॲसिसमध्ये. सगळीकडे बर्फ आणि मध्येच हा उघड्या खडकांचा पट्टा, त्यात तळी. केंद्राला पाणी येतं ते प्रियदर्शिनी तळ्यातून. पाइपलाइन बघायला निघालो होतो, घाईत वाट सोडून उतरलो आणि दोन दगडांमधल्या ओलसर जागी पाय ठेवला. आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या भिंतीवर मखमलीसारखं हिरवं येतं ना, तसलं मॉस होतं ते. तळहाताएवढं. बरोबरचा जीवशास्त्रज्ञ थांबला, काही बोलला नाही, गुडघ्यावर बसला आणि बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतं."

निघायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम त्या जागी गेलो. एक वर्ष उलटलं होतं. हिवाळा येऊन गेला, वादळं येऊन गेली. माझ्या बुटाच्या टाचेची नक्षी त्या हिरव्यात जशीच्या तशी होती.

तो ठसा मी विसरलेलो नाही. आज तो भरला असेल की नाही, हाच विचार ताट्या बदलताना येतो. ज्या जमिनीवर एक पाऊल वर्षभर पुसत नाही, तिथं खाण निघाली, तेल सांडलं तर काय होईल, हे मला कोणी वेगळं समजावून सांगायची गरज नाही. डिझेलचा एक थेंब खाली पडू नये म्हणून तिथं आम्ही ट्रे ठेवायचो, फडक्याने टिपायचो, आणि ते फडकंसुद्धा कचऱ्यात बांधून जहाजाने परत पाठवायचो.

धागा काढायचं कारण असं की मला आता साठी आली. शाळांमध्ये फोटो दाखवतो, पोरं पेंग्विन बघून टाळ्या वाजवतात, आणि तिथंच ते संपतं. ते तिथं संपू नये असं वाटतं. नागपूर समुद्रापासून इतकं लांब, बर्फ आपण फक्त गोळ्यात बघतो. इथून ध्रुवांसाठी आपण नेमकं काय करू शकतो? मनापासून विचारतो आहे.

महालचा_वाडा

काका, ठशाचं वाचून अंगावर काटा आला.

नागपूर लांब आहे म्हणता, पण भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या पहिल्या दोन बायकांपैकी एक नागपुरात जन्मलेली होती! डॉ. अदिती पंत, जन्म १९४३. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. अदितीताईंचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती. म्हणजे ज्याच्यावर तिथली अख्खी अन्नसाखळी उभी आहे, त्याच गोष्टीचा अभ्यास. त्याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे आपलं पहिलं केंद्र उभं राहिलं. ते बर्फाच्या थरावर होतं, हळूहळू गाडलं गेलं आणि १९९० मध्ये सोडून द्यावं लागलं. म्हणून मैत्री खडकावर बांधलं.

माझ्या लेकीच्या शाळेत 'नागपूरच्या कर्तृत्ववान स्त्रिया' असा फलक लावला आहे. त्यात हे नाव नाही. उद्याच जाऊन बाईंशी बोलते.

अंबाझरीचा_रहिवासी

दादा, लिहिलंय ते मनापासून आहे, दिसतंच आहे. तरी एक बोलतो, राग मानू नका.

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र. दोन-तीन तासांत एवढा पाऊस झाला की अंबाझरी ओसंडला आणि पहाटे आमच्या घरात कमरेएवढं पाणी. आई अंथरुणाला खिळलेली. तिला मी आणि शेजाऱ्याने गादीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. फ्रिज तरंगत होता. लग्नाचे अल्बम गेले. नंतर महिनोन्‌महिने भिंतींना तो वास. मदतीसाठी किती दारं वाजवली त्याची गणतीच नाही.

ज्यांच्या घरात नाग नदी घुसते त्यांनी आधी नाग नदीचं बघावं की पेंग्विनचं? शहरात झाडं राहिली नाहीत, मेमध्ये बाहेर पडवत नाही. माणसाजवळ काळजी करायची ताकद मोजकीच असते. ती इतक्या लांब का खर्च करायची?

वाळ्याची_ताटी

भाऊ, राग कशाचा. आईंना गादीसकट उचलून नेलं, हे वाचून मीच सुन्न झालो. त्या आता बऱ्या आहेत ना?

उत्तर माझ्याकडे आहे, पण मी मेकॅनिक माणूस. पावसाचं ज्यांना जास्त कळतं त्यांनी आधी बोलावं.

सीताबर्डीचा_पारा

मी हवामानाचा विद्यार्थी, म्हणून लिहितो.

गोव्यात वास्को इथं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्क्टिकमध्ये, विशेषतः रशियाच्या वर कारा समुद्रात, उन्हाळ्यात बर्फ कमी झाला की त्याचा धागा मध्य भारतात सप्टेंबरमध्ये कोसळणाऱ्या पावसापर्यंत पोचतो, असं त्यात दिसलं. बर्फ गेला की उघडा समुद्र उष्णता वर सोडतो, वायव्य युरोपावर उच्च दाब तयार होतो, तिथून वरच्या हवेत मोठमोठ्या लाटा उठतात आणि आशियाच्या दिशेने सरकतात. खाली अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्पाचा तोटा नसतो. मग परतीच्या तोंडावरचा पाऊस एकदम कोसळतो.

२०२३ च्या त्या एका रात्रीचा दोष आर्क्टिकच्या माथी मारता येत नाही. एकेका पावसाची कारणं तशी लावता येत नसतात, आणि नदीपात्रात बांधलेलं काय आहे तो प्रश्न आपलाच. पण असा पाऊस पडण्याकडे फासे झुकत चालले आहेत. आर्क्टिक गेल्या चार दशकांत जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर आपलं हिमाद्री केंद्र आहे, २००८ पासून. २०१४ पासून तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, खोल पाण्यात आपली यंत्रं सोडलेली आहेत. मान्सून समजून घ्यायचा तर ध्रुवावर बसावं लागतं, म्हणूनच हा खटाटोप.

तेव्हा नाग नदी आणि कारा समुद्र यांत आधी कोण, असं मला नाही वाटत. नाल्यावरचं बांधकाम आपल्या हातात आहे, त्यासाठी भांडूच. आणि वरून येणारं पाणी कुठून येतं तेही बघू.

अंबाझरीचा_रहिवासी

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. आई बरी आहे दादा, पण पाऊस जोरात आला की अजून उठून बसते.

सिल्लेवाडा_शिफ्ट

राजेहो, चार दिवस वाचून राहिलो, आज लिहितो.

मी ३४ वर्षं कोळसा खाणीत काढली. ओव्हरमन, म्हणजे खाणीतला देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झालो. माझ्या देवघराशेजारी एक दगड आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी छताची शेल, म्हणजे पापुद्र्यांचा खडक, कोसळली, तिच्यातून निघाला. हातभर लांब, करडा, पाटीसारखा. त्यावर पान आहे. जिभेच्या आकाराचं, मध्ये ठसठशीत शीर, दोन्ही अंगांना बारीक जाळी. बोट फिरवलं तर शीर लागते. इतकं ताजं की वाटतं आता गळून पडलं. बायको रोज फुलं वाहते तेव्हा त्याच्यावरही एक ठेवते, मी कधी सांगितलं नाही तरी.

आमच्या भूवैज्ञानिक साहेबांनी नाव सांगितलं होतं, ग्लॉसोप्टेरिस. आपण जो कोळसा जाळतो तो पंचवीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच झाडांच्या रानाचा. आणि ते म्हणाले, हेच पान अंटार्क्टिकात सापडतं. मला खरं नाही वाटलं. मग त्यांनी स्कॉट या इंग्रज शोधप्रवाशाची गोष्ट सांगितली. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परत येताना स्कॉट आणि त्याचे सोबती उपाशी, हातपाय गोठलेले, तरी बियर्डमोर हिमनदीजवळ गोळा केलेले १६ किलो दगड त्यांनी स्लेजवरून टाकले नाहीत. सगळे वाटेतच गेले. शोधपथकाला ते दगड मिळाले आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस निघालं. मी शिफ्ट संपवून वर येत होतो, पिंजऱ्यात उभा होतो, आणि डोळ्यासमोर तेच दगड.

त्या झाडांच्या काळात अंटार्क्टिकाची आणि आपली जमीन एकच होती. आणि त्या महाखंडाचं नाव काय? गोंडवन. आपल्या गोंडांच्या मुलखावरून! १८७० च्या दशकात हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने इथल्या खडकांना ते नाव दिलं, पुढे सगळ्या दक्षिणी महाखंडाला लागलं. ज्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, नागपूर वसवलं, त्याच्या लोकांचं नाव आज अंटार्क्टिकाच्या प्रत्येक भूशास्त्राच्या पुस्तकात आहे. आणि आपण म्हणतो ते लांब आहे!

बर्फसुद्धा होता इथं. चंद्रपूरजवळ इरई इथं चुनखडीवर हिमनदीने घासल्याच्या रेघा आहेत. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या. इंग्रज भूवैज्ञानिकांनी १८७५ च्या सुमाराला नोंदवल्या. आम्ही काही जण एकदा एसटीने गेलो होतो बघायला. चंद्रपूरच्या उन्हात मी त्या रेघांवर हात ठेवला, दगड तव्यासारखा तापलेला.

आता मुद्द्याचं. तिथंही कोळसा आहे, डोंगरांत थरच्या थर. माझं घर, पोरांची शिक्षणं कोळशावर झाली, त्याबद्दल मी कृतघ्न नाही. आणि म्हणूनच सांगतो, खाण काय करते ते मी आतून पाहिलं आहे. पाण्याची पातळी, धूळ, खचलेली शेतं. तिथला कोळसा तिथंच राहू द्या. या एका जागेपुरतं तरी माणसाने हात लावू नये.

वाळ्याची_ताटी

दादा, तुमच्या देवघराशेजारचं ते पान बघायला मी येणार. कधी येऊ सांगा.

मी वर्षभर शिर्माकरमध्ये होतो. तिथला खडक वेगळा, जुना, रूपांतरित, त्यात पानं नाहीत. पण भारताचा पूर्व किनारा आणि पूर्व अंटार्क्टिका एकमेकांना चिकटून होते हे आमच्यातले भूशास्त्रज्ञ सांगायचे. २०१२ मध्ये भारती केंद्र लार्समन टेकड्यांवर उभारलं त्यामागे तेही एक कारण होतं.

भूगोलाच्या_बाई

दहावीला शिकवते. एक गैरसमज दूर करावा म्हणून लिहिते आहे, कारण माझी मुलं दरवर्षी विचारतात, "बाई, २०४८ मध्ये करार संपणार ना? मग खाणी सुरू?"

नाही. करार संपत नाही. अंटार्क्टिक करार १९५९ चा, त्याला मुदत नाही. माद्रिद इथं १९९१ मध्ये पर्यावरणाचा जो प्रोटोकॉल झाला, त्याच्या सातव्या कलमाने खनिजांना हात लावायला बंदी आहे, फक्त विज्ञानासाठी सूट. तो १९९८ मध्ये अमलात आला. ५० वर्षांनी, म्हणजे २०४८ नंतर, मताधिकार असलेला कोणताही सदस्य देश फेरविचाराची बैठक मागू शकतो, इतकंच. बंदी उठवणारा बदल लागू व्हायचा तर १९९१ च्या सगळ्या २६ मताधिकारी देशांची मंजुरी लागते, आणि त्याआधी खाणकामाचे बांधील नियम तयार असावे लागतात. त्या २६ मध्ये भारत आहे. १९८३ पासून आपल्याला मत आहे.

म्हणजे बंदी टिकेल की नाही हे आज माझ्या वर्गात बसलेली मुलं चाळिशीत येण्याआधीच ठरू शकतं, आणि त्यांच्या देशाच्या हातात एक मत आहे. हे मी त्यांना तसंच सांगते. वर्गात मग जी शांतता पसरते ती पेंग्विनच्या फोटोने कधी पसरली नाही. काका, तुमच्या भाषणात हे घ्या.

२०२२ मध्ये आपल्या संसदेने अंटार्क्टिकाचा स्वतंत्र कायदा केला, आणि मे २०२४ मध्ये करारातल्या देशांची बैठक आपल्याच कोचीत भरली. आपल्याकडे बातमी आली तेव्हा निवडणुकीची धामधूम होती, कुणाचं लक्ष गेलं नाही.

सोनेगाव_उड्डाण

मी आणि मिस्टर पुढच्या वर्षी क्रूझने अंटार्क्टिकाला जायचा विचार करतोय, रिटायरमेंटचे पैसे आहेत. हा धागा वाचून मन कचरतंय. जावं की नाही, खरं खरं सांगा.

वाळ्याची_ताटी

ताई, जाऊ नका असं सांगायचा मला अधिकार नाही, मी स्वतः जाऊन आलो. पण विचारलंत म्हणून सांगतो. २०२२-२३ च्या एका हंगामात तिथं एक लाखाच्या वर पर्यटक गेले. बहुतेक सगळे एकाच द्वीपकल्पावर, त्याच त्या किनाऱ्यांवर, पेंग्विन अंडी घालतात त्याच महिन्यांत. माझा एक बूट आठवा आणि लाखाने गुणा. जायचंच तर ५०० पेक्षा कमी प्रवाशांचं जहाज बघा, मोठ्या जहाजांना माणसं किनाऱ्यावर उतरवता येत नाहीत. उतरण्याआधी बुटाच्या तळव्यातलं, जॅकेटच्या खिशांतलं, वेल्क्रोतलं बी-माती ब्रशने काढा. आम्हाला ते करावं लागायचं. माझ्या पिशवीच्या शिवणीत कुसळं निघाली होती, सरळ आपल्या शेताच्या बांधावरची.

आणि खरं सांगू? एवढ्या पैशांत एकदा लडाखला जा, एकदा सिक्कीमला, हिमनद्या तिथंही आहेत आणि त्यांनाही माणसं हवी आहेत.

सीताबर्डीचा_पारा

पेंग्विनचा विषय निघालाच आहे तर. २०२२ च्या शेवटी अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींच्या खालचा बर्फ पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं येण्याआधीच फुटला. त्या वसाहतींत एकही पिल्लू जगलं नसावं असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ १७.९ लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहाने मोजायला लागल्यापासूनचा तेव्हाचा नीचांक. त्या बर्फाच्या पोटाशी शैवाल वाढतं, शैवालावर क्रिल, म्हणजे करंगळीएवढी कोळंबीसारखी जीवजात, आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे सगळे.

भूगोलाच्या_बाई

त्याच क्रिलचं तेल कॅप्सूलमध्ये भरून आपल्याकडे ऑनलाइन विकलं जातं, ओमेगा-३ म्हणून. घरात कुणी घेत असेल तर डॉक्टरांशी बोलून दुसरा पर्याय बघा. ओमेगा-३ चा एक प्रकार जवसातही असतो, आणि जवस तर आपल्या विदर्भाचं. माझ्या सासूबाईंची जवसाची चटणी भाकरीवर कच्च्या तेलासोबत खाऊन बघा एकदा.

वाळ्याची_ताटी

सगळ्यांचं वाचून मी ठरवलं ते लिहितो.

पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र इथं सागरी संरक्षित क्षेत्रं करावीत असे प्रस्ताव वर्षानुवर्षं अडून आहेत. तिथले सागरी जीव जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगातल्या सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं, आणि ते होत नाही. रॉस समुद्राचं २०१६ मध्ये झालं, १५ लाख चौरस किलोमीटरच्या वर. तेही आधी अशक्यच म्हणत होते. २०२१ मध्ये भारताने या दोन प्रस्तावांना पाठिंबा दिला. तो पाठिंबा ढिला पडू नये, म्हणून आपल्या खासदारांना आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला मराठीत पत्रं लिहायची. छापील नमुना नको. प्रत्येकाने आपलं लिहायचं, ओव्हरमन दादांनी पानाचं, बाईंनी वर्गाचं, अंबाझरीच्या भाऊंनी, जमलं तर, त्या रात्रीचं.

२१ जूनला मैत्रीवर मिडविंटर साजरा होतो, सगळ्यात लांब अंधाराचा दिवस. सगळी केंद्रं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. त्या संध्याकाळी इथं जमूया. बाईंच्या शाळेचा हॉल मिळेल का? मी फोटो आणतो, आणि बूटही. तेच बूट अजून माळ्यावर आहेत.

भूगोलाच्या_बाई

हॉलचं मुख्याध्यापकांना विचारलं, हो म्हणाले. संध्याकाळी सहा. मुलांना पालकांसह बोलावते.

अंबाझरीचा_रहिवासी

मी पत्र लिहितो. आईलाही आणेन, पाऊस नसला तर.

सिल्लेवाडा_शिफ्ट

दगड आणतो, पण तो दहा-अकरा किलोचा आहे, स्कूटरवर नाही येणार. आणि तो शेलचा, आडवा ठेवूनच न्यावा लागतो, धक्का बसला तर पापुद्रा सुटतो.

महालचा_वाडा

दादा, आमच्याकडे चारचाकी आहे. पाचला तुमच्याकडे येते. मागच्या सीटवर गादी टाकू, त्यावर दगड, आणि लेक बाजूला धरून बसेल.

सिल्लेवाडा_शिफ्ट

चालते. बायको म्हणते, निघताना फूल वाहून देते.